श्रीमंतांचा लॅपटॉप नोंदीबाहेर राहिला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण असो, वीज न जावो, नेट न तुटो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात लॅपटॉप आणि मोबाइल उदंड जाहले, आणि कोणते यंत्र कोणाकडे, त्यास कुलूप आहे की नाही, हे कोणास ठाऊक नाही. मग यंत्रखात्याचे कारभारी गिरमाजी मल्हार यांणी सर्व यंत्रांवर देखरेख करणारी प्रणाली आणिली. तिचा कोड सर्वांस वाचावयास खुला. आधीच्या प्रणाली आल्या त्या जुने मोडीत काढीतच आल्या. हिने मात्र जुन्या तक्रारखान्याशी सोयरीक केली, यंत्र हरवले की तक्रार आपोआप तेथेच जाऊन पडे, आणि जुने कारकून निश्चिंत होऊन चहास गेले. मग राज्याचे धनी श्रीमंत यांणी गिरमाजीस एकांती पुसिले, "यातून कोणाकोणाची पत्रे आम्हांस वाचता येतील?" गिरमाजी बोलिले, "महाराज, कोणाचीच नाही. यंत्र कोणाचे, कुलूप आहे की नाही, इतकेच दिसते, आणि यंत्र हरवल्यास दुरून कुलूप घालता येते. कोड खुला आहे, कोणाकडूनही तपासून घ्यावा." श्रीमंत खट्टू जाहले, आणि मनी आले की, आम्हांस दिसत नाही तर गिरमाजीस दिसत असेल. मग आज्ञा जाहली की, सर्वांची यंत्रे नोंदवावी, आमचा लॅपटॉप वगळावा.

पुढे श्रीमंत स्वारीस गेले, आणि महामार्गावरील ढाब्यात मिसळ खाऊन लॅपटॉप खुर्चीवरच विसरून आले. आत राज्याचे सर्व कागद, आणि रंभाजी शिपायाने कोणास न सांगण्याच्या बोलीवर दिलेला आजारपणाचा दाखलाही. श्रीमंत म्हणाले, "गिरमाजी, येथूनच कुलूप घाला." गिरमाजींनी हात जोडिले. "महाराज, आपला नोंदीत नाही." मग श्रीमंतांस खरेच लाज वाटली.

सायंकाळी ढाब्याचे मालक सोपानराव घुगे स्वतः लॅपटॉप घेऊन आले. श्रीमंतांस हायसे वाटले, आणि रंभाजी पाणी घेऊन आला. सोपानराव भल्या मनाने बोलले, "कुलूप नव्हतं, म्हणून उघडून पत्ता काढला. दोन कागद नजरेखालनं गेले बघा. तुमच्या त्या रंभाजीची किडनी गेलीया म्हणं. बरा हाय का आता?"

रंभाजी तांब्या घेऊन तेथेच उभा होता. मग श्रीमंत उठले, आणि रंभाजीच्या हातचा तांब्या आपण घेतला, आणि म्हणाले, "गिरमाजी, आमचा आत्ता नोंदवा."

सारांश, ज्यांस दुसऱ्याची पत्रे वाचावयाची होती, त्यांच्याच हातून आपल्या माणसाचे दुखणे बाहेर पडले. नोंदीत श्रीमंतांचा लॅपटॉप आज आहे, रंभाजीच्या मोबाइलाच्या खालच्या ओळीस.