कुटुंबप्रमुख भत्ता

ठाण्यात कोपरीतल्या एका लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात मेघना आणि विनीत एकाच टेबलावर बसून बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी घेत. विनीतला हे काम शिकवलं होतं मेघनानंच. पगार मात्र त्याला तीन हजारांनी जास्त होता, आणि हे त्यानंच एकदा डबा खाताना सहज सांगून टाकलं. डबा तसाच ठेवून ती मालकांच्या केबिनमध्ये गेली.

मालक हरिहरराव सज्जन गृहस्थ. कुणालाही नाही म्हणायचं असलं, की आधी ते बसायला सांगत.

"बसा. अहो, पगार सगळ्यांना सारखाच आहे. पुरुषांना वर मिळतो तो कुटुंबप्रमुख भत्ता. त्यांना घर चालवावं लागतं."

"माझं घर काय आपोआप चालतं, सर?"

"तसं नव्हे हो. पण प्रमुख कोण, हे कागदोपत्री ठरतं."

"मग मागवा ना कागद. सगळ्यांकडून मागवा."

हरिहररावांना ही सूचना फार आवडली. नियमावर बोट ठेवलं की वाद मिटतो, असा त्यांचा अनुभव होता. संध्याकाळी फळ्यावर कागद लागला: रेशनकार्डावर ज्याचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून असेल, त्यालाच यापुढे भत्ता मिळेल.

नवं रेशनकार्ड घरातल्या थोरल्या बाईच्या नावानं निघतं, हे हरिहररावांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते रेशनच्या रांगेत कधी उभेच राहिले नव्हते.

सोमवारी कार्डं आली. विनीतच्या कार्डावर त्याची आई प्रमुख होती आणि हिशेब बघणाऱ्या सलिलच्या कार्डावर बायको. गोपीनाथ मेकॅनिकच्या कार्डावर तर सासू होती. तो टिटवाळ्याला घरजावई आहे, हे ऑफिसला अकरा वर्षांनी कळलं. मेघनाच्या कार्डावर सासूबाई निघाल्या. स्वतःचंच नाव निघालं ते ऑफिसातल्या चहावाल्या रंगूबाईंचं, आणि भत्ता मिळाला तो त्यांना एकट्यांना.

"म्हंजी आता च्या दोनदा करायचा काय?" त्यांनी संशयानं विचारलं.

मेघनाला हसावं की रडावं कळेना. विनीत आणि ती आता अगदी समान होते, पण तिच्या हातात एक रुपयाही वाढला नव्हता.

दुपारी डबे उघडलेच नाहीत.

"जेंडर बघून पैसे कापतात? हे डिस्क्रिमिनेशन आहे यार!" सलिल म्हणाला.

"सेम काम, सेम पगार! डायरेक्ट बेसिकमध्ये पाहिजे, सगळ्यांना," विनीत म्हणाला. "काय मेघना, बरोबर ना?"

"अगदी बरोबर."

"मग अर्ज लिही ना तू. तुझं अक्षर चांगलंय."

मेघनानं अर्ज लिहिला. तासाभरात सगळ्यांच्या सह्या झाल्या, कामही बंद झालं, आणि त्या दिवशी ठाण्यातली बंद पडलेली एकही लिफ्ट सुरू झाली नाही. रात्री मालकांना स्वतःच्या इमारतीचे नऊ जिने चढावे लागले.

सकाळी फळ्यावर नवा कागद होता: पुरुष कर्मचाऱ्यांवर अन्याय होऊ नये, म्हणून सर्वांना समान पगार देण्यात येत आहे.

विनीतनं पेढे आणले.

"बघ मेघना, आम्ही लढलो म्हणून तुलापण मिळाले. थँक्यू तरी म्हण!"

"थँक्यू," मेघना म्हणाली, आणि तिनं दुसरा पेढा उचलला.