हामरिकच्या नागरी कार्यालयातील ‘पुढचा’ हे बटण

एका वेळी एकाच ठिकाणी लक्ष देता येते, हे तत्त्व माणसांच्या बाबतीत वादग्रस्त असले तरी संगणकाच्या पडद्याबाबत निर्विवाद आहे. पडद्यावर चौकटी आणि बटणे कितीही असोत, कळफलकाचे ऐकणारे त्यांतले एकच असते. बाकीची, एखाद्या सुसंस्कृत कुटुंबातल्या माणसांसारखी, नुसती दिसत राहतात.

उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरील हामरिक गावच्या नागरी कार्यालयासाठी फेना ओन्केनने अकरा वर्षांपूर्वी ‘पुढचा’ हे बटण घडवले. माउसने ते दाबले की दालनात घंटा वाजे, पुढचा टोकन क्रमांक झळके आणि आधीचा रद्द होई. मात्र एकदा दाबल्यावर कळफलकाचे ऐकणारा कान ते स्वतःकडेच ठेवून घेई. शेजारच्या नावाच्या चौकटीला परत देत नसे. अकरा वर्षे हे कुणाच्या ध्यानात आले नाही, यावरून बटणाच्या विनयाची कल्पना यावी.

खिडकीवरचे हेर (जर्मनमध्ये ‘श्रीयुत’) आयलर्स दोन बोटांनी टंकत, नजर कळांवर ठेवून. समोर बसलेल्याच्या नावाची अक्षरे बटणाच्या कानावर पडून विरून जात, कारण बटणाला अक्षरे कळत नाहीत. त्याला कळते ती फक्त शब्दांमधली मोकळी जागा सोडणारी कळ, आणि तिचा अर्थ त्याच्या लेखी ‘मला पुन्हा दाबा’ असा आहे. त्यामुळे नाव संपून आडनाव सुरू होण्यापूर्वी घंटा वाजे, पुढचा नागरिक उठे आणि भरलेली खुर्ची पाहून परत फिरे. मग आयलर्स मान वर करीत, रिकाम्या चौकटीत टिचकी मारीत आणि नाव पुन्हा लिहीत. (कार्यालयीन भाषेत याला ‘खातरजमा’ म्हणत.)

साध्या नाव-आडनावाला एक नागरिक वाया जाई. यान फान डेर फेल्डे यांना तीन लागत. पवनचक्क्यांच्या कामावर आलेल्या एका पोर्तुगीज अभियंत्याने नुसते आपले पूर्ण नाव सांगून सहा जणांना उठवले होते. (दालनात त्याचा उल्लेख अजून आदराने होतो.) टोकन घेतल्यापासून घंटेपर्यंतचा सरासरी काळ मात्र एक्केचाळीस मिनिटांवरून सहावर आला. रद्द झालेले लोक नवे टोकन घेत आणि नवे नागरिक म्हणून मोजले जात. जिल्ह्याने प्रशस्तिपत्र दिले; ते भिंतीवर आहे.

बुधवारी संगणकाचे नवे पडदे जोडायला फेना आली आणि दालनात, चालताना ढकलायचा चाकांचा आधार धरून बसलेल्या ओक्का साटहॉफ आजींच्या शेजारी टेकली.

“कितवा दिवस, आजी?”

“चौथा. पासपोर्ट तयार आहे गं, त्या खणात. इथून दिसतोय मला! शुक्रवारचं विमान आहे. बहीण कॅनडात, अंथरुणाला खिळलेली. आता नाही गेले, तर नुसती फुलंच पाठवायची.”

घंटा वाजली. “माझाच!” आजी उठल्या, गेल्या, परत आल्या. “खुर्चीत माणूस बसलाय. वर मलाच म्हणतात, एवढी घाई कसली!”

चार दिवसांत नऊ वेळा आजींचा क्रमांक कुणाच्या तरी नावाच्या आणि आडनावाच्या मधल्या फटीत सापडला होता. फेना आयलर्सच्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिला आपले बटण ओळखू आले, आणि कानशिले तापली. उपाय एका ओळीचा होता: माउसने दाबल्यास कान घेऊ नये.

फेनाने तो जाऊन सांगितला, तेव्हा संचालक डॉ. राइंडर्स यांच्या कपात गरम चहा पडताच खडीसाखर तडकली.

“फ्राउ ओन्केन, सहा मिनिटं! आणि तुम्ही मला पुन्हा एक्केचाळीस द्यायला निघालात?”

“पण माणसं परत जातात, हेर डॉक्टर.”

“दुसऱ्या दिवशी येतात ना? निष्ठा म्हणतात तिला.”

शिवाय कर्मचाऱ्याच्या बोटांची सवय बदलणे म्हणजे सेवाशर्तीत बदल. कर्मचारी प्रतिनिधी मंडळ त्यावर ऑक्टोबरात विचार करणार होते. माउस न वापरू शकणाऱ्यांना नुसत्या कळांनी बटणापर्यंत पोचता येईल का, हे दिव्यांग हक्क अधिकाऱ्यांनी विचारले. हा प्रश्न शहाणपणाचा होता आणि त्याचे उत्तर फेनाच्या ओळीतच होते. त्यामुळे तो पुढील अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आला.

गुरुवारी दहाच्या चहाला सगळे उठले, तेव्हा फेनाने ती ओळ लिहिली. कामाच्या नोंदवहीत लिहिले: ‘कळफलक पुसला.’

दालनात शांतता पसरली, धुके ओसरल्यावर बंदरावर पसरते तशी. दहा बावन्नला घंटा वाजली. आजींना खुर्चीपर्यंत पोचायला दीड मिनिट लागले आणि त्या दीड मिनिटात काहीही घडले नाही. आयलर्सनी नाव टंकले, मोकळी जागा सोडली, आडनाव टंकले. आजींनी पासपोर्ट कोटाच्या आत, छातीशी ठेवला.

“आज तुमची घंटा आजारी दिसते, हेर आयलर्स,” एवढे बोलून त्या गेल्या.

दुपारपर्यंत तेवीस लेखी तक्रारी आल्या. ‘काम बंद आहे काय?’ ‘निदान घंटा तरी वाजवा.’ एका गृहस्थांनी अधोरेखित करून लिहिले होते, ‘काल मला तीनदा बोलावलं, आज एकदाही नाही!’ संध्याकाळी फेनाला ती ओळ पुसावी लागली. शुक्रवारी घंटा पूर्ववत वाजू लागली आणि आभाराची दोन पत्रे आली.

हामरिकच्या लोकांना हसण्याचा वाचकांचा हक्क अबाधित आहे. मात्र लिफ्टचे पेटलेले बटण ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा दाबले नाही, त्यांनीच तो बजावावा. बाकीच्यांनी कृपया टोकन घ्यावे.