टक लावून बघायचं काम

दर रविवारी सकाळी शेजारचे श्री. घरत मला बोलावतात ते त्यांच्याकडे टक लावून बघायला. बघायचं, मधूनच घड्याळ बघून सुस्कारा टाकायचा, बस्स. माझी हयात शाळेत सुपरव्हिजन करण्यात गेली, त्यामुळे "बाई, तुमची नजर तयार आहे" असं त्यांचं म्हणणं.

घरत खारघरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्या मुलांची परीक्षा घेतात. अर्ध्या तासात प्रोग्राम लिहायचा, समोर परीक्षक बसलेला. प्रश्न ऑफिसातून येतो. पण मुलांना देण्याआधी तो आपण त्याच परिस्थितीत सोडवायचा, हा घरतांचा नेम. "घरच्या खुर्चीत कुणीही हुशार असतो हो." म्हणून हा पन्नाशीचा गृहस्थ इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बटण, पायात बूट अशा थाटात स्वतःच्याच हॉलमध्ये घाम पुसत बसतो.

आणि करतो काय? तर खिडकीबाहेर बघतो! विचुंबे गावची शेतं, त्यांच्या पार पलीकडे कर्नाळा किल्ल्याचा धुरकट सुळका. बोटं कीबोर्डवर, माणूस सुळक्यावर. आधी मला वाटायचं, झोपले. मग मलाही चटक लागली. बगळे उतरतात, धुकं हळूहळू सरकतं, पंखासुद्धा दमानं फिरतोय असं वाटायला लागतं. "वेळ संपली" म्हटलं की दोघंही दचकतो.

"उत्तर येतच होतं, बाई." मग सोमवारी ते मुलांसाठी वेळ वाढवून मागतात आणि साहेबांची बोलणी खाऊन येतात.

मागे मी बहिणीकडे गेले होते. तेवढ्यात ऑफिसनं घाई केली आणि घरतांनी सराव न करताच एका मुलीची परीक्षा घेतली. ती अडकली, नापास झाली. मी परत आल्यावर तोच प्रश्न घेऊन हे बसले, तर उत्तर आधी वाचलेलं असूनही वेळेत पुरं होईना. पुन्हा बसले, पुन्हा तेच. तिला परत बोलवा म्हणून साहेबांना फोन लावला. जागा भरली, विषय संपला, असं उत्तर मिळालं.

तरी त्यांनी त्या मुलीला फोन केला. स्पीकरवर मी ऐकत होते. मुलगी उरणकडची.

"सर, मी घरी सांगितलं, मला ह्ये जमनार नाय. उद्यापासून कळंबोलीला लोखंडाच्या दुकानात बिलं लिवायला जातेय."

"मलाही नाही जमलं ते," घरत म्हणाले. "उत्तर माहीत असून नाही जमलं. वेळच कमी होता. तू दुसरीकडे परीक्षा दे."

मग तिनं अगदी हळू विचारलं, "खरं सांगता, सर?"

फोन ठेवल्यावर मी त्यांना झापलं. परीक्षकच नापास झाला हे कुणी जगाला सांगतं का? नोकरी जाईल अशानं!

घरतांनी गळ्याचं बटण काढलं.

"पहिल्या नोकरीच्या वेळी मीही असाच अडकलो होतो, बाई. मला कुणाचा फोन आला नाही. मी अजून स्वतःला मंदच समजतो."