फेसाळलेला शोध

काचेच्या नळ्या माझ्यासारख्या लखलखीत धुणारा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही! प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आणि माझी बायको शास्त्रज्ञ. दहा ते पाच ती ‘मॅडम’, नंतर ‘अगं’. साहेब मात्र चोवीस तास तीच!

तिचा जीव एका एन्झाइमवर जडलाय. मलाही त्याचं भारी कौतुक. पेशीच्या पडद्यात हे पठ्ठं आरपार बसतं, डोकं बाहेर, पाय आत! हृदयावर ताण आला की हृदय एक हार्मोन सोडतं. ते मूत्रपिंडात ह्याच्या डोक्याला चिकटलं रे चिकटलं, की आत पायाशी निरोप्या रेणू धडाधड तयार! मग जादा मीठ-पाणी शरीराबाहेर. हार्मोन नसेल तर स्वारी जवळजवळ ढिम्म.

त्या दिवशी हेच आमच्या विभागप्रमुख सरांना दाखवायचं होतं. फसलं असतं तर तिचं तीन वर्षांचं काम बंद! म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्या नळ्या दुप्पट साबणाने घासल्या.

आकडे आले. हार्मोन घातलेल्या नळ्यांत निरोप्यांचा पूर. न घातलेल्यांतही पूर!

“सगळीकडे हार्मोन ओतलंस ना?” ती कुजबुजली.

“देवाशप्पथ नाही गं!”

तेवढ्यात सर आले. आकडे बघून उडालेच!

“हार्मोनशिवाय चालणारं एन्झाइम? मॅडम, हा तर नवा शोध!”

“सर, एक मिनिट...”

पण सरांनी फोन लावलाही होता. पाच मिनिटांत संचालक हजर, सोबत दोन पाहुणे! बायकोचा चेहरा पांढराफटक. तिने एका धुतलेल्या नळीत पाणी घालून ती हलवली. वर बोटभर फेस!

“साबणाने पडदा विरघळतो,” ती माझ्याकडे बघत म्हणाली, “मग हे एन्झाइम हार्मोनची वाटच बघत नाही. सुटतं बेफाम.”

“सर,” मी हात वर केला, “शोध साबणाचा आहे. साबण माझा.”

बायकोने कोऱ्या नळ्या काढल्या, प्रयोग पुन्हा लावला. चारला आकडे आले. हार्मोन नाही, तिथे सामसूम. हार्मोन आहे, तिथे पूर! काय शहाणं एन्झाइम! तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही.

“काम चालू ठेवा, मॅडम,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही यापुढे इथल्या एकाही नळीला हात लावायचा नाही!”

घरी जाताना मी तोंड पाडून चालत होतो. बायकोने प्रेमाने माझा हात धरला.

“मनाला लावून घेऊ नकोस रे. घरच्या भांड्यांबद्दल सर काहीच बोलले नाहीत.”