काल्हेरला थांबलेला ठिपका

ठमाबाईंनी अख्ख्या कामतघर गावात सांगून टाकलं होतं, की लेक उंबऱ्याशी येईल त्याच मिनिटाला भाकरी तव्यावरून उतरलेली असेल. भावनाला सातवा महिना. बाळंतपणासाठी ती ठाण्याहून बसने माहेरी निघाली होती, आणि सून रुचिकाने सासूबाईंच्या फोनवर बस दाखवणारं नवं ॲप टाकून दिलं होतं. नकाशावर हिरवा ठिपका सरकतो, तीच बस.

"आन ठिपका चुकला तर?" शेजारच्या कमळाने विचारलं.

"घर चुकतो तो तुझा नवरा. मशीन न्हाय चुकत."

ठिपका वाटेतल्या काल्हेरला आला आणि थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भाकरी गार झाली, ठमाबाई तापल्या.

"बस बंद पडली गो. पोर उन्हात उभी असंल."

"आई, जरा दम धरा," असं रुचिका म्हणेपर्यंत सासूबाई फडक्यात भाकरी आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन रिक्षात बसल्यासुद्धा.

काल्हेरला बस नव्हती. ठिपक्याच्या जागी बसवाल्यांची पत्र्याची चौकी होती, आणि आत दामू नावाचा माणूस बशीत चहा ओतत होता.

"माझ्या लेकीची बस कुठं हाय?"

"कंची बस, मावशी?"

ठमाबाईंनी फोन त्याच्या नाकाला लावला. "ही. हितंच हाय. तू हिच्यावरच बसलायस."

दामूने टेबलावरचं तिकिटाचं मशीन उचलून दाखवलं. "ठिपका बसचा न्हाय, या मशीनचा हाय, मावशी. बटणं चालंनात म्हणून कंडक्टर हे ठेवून दुसरं घेऊन गेला. बस कवाच पुढं गेली."

परतीच्या वाटेवर ठमाबाईंनी मशीनच्या सात पिढ्या काढल्या. रिक्षावाला सगळ्याला "हां, अम्मा" म्हणत राहिला.

घराच्या पायरीवर भावना बसली होती, पाय सुजलेले. रुचिका पुठ्ठ्याने तिला वारा घालत होती.

"आत का न्हाय गेलीस?"

"वहिनी कवाची बोलावते. पण तू भाकरतुकडा ओवाळल्याबिगर कशी जाऊ?" भावनाने आईचा पदर धरला. "आन फोन का कापत होतीस? सात वेळा लावला. मला वाटलं, तुलाच काय झालं."

ठमाबाईंनी फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडून लेकीवरून ओवाळला, दूर टाकला. तांब्यात उरलेलं पाणी तिच्या पायांवर घातलं, आणि मान वर न करताच म्हणाल्या,

"उचलला असता तर ठिपका दिसंनासा झाला असता. त्यात तू होतीस ना."