तिडके सरांचा शनिवार

समस्त शिक्षणप्रेमी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक तिडके, वय वर्षे त्रेपन्न, हे दर शनिवारी दुपारी अठरा वर्षांचे होतात.

होतात म्हणजे अगदी होतात. शर्ट पँटीबाहेर काढतात, उरलेसुरले केस कपाळावर ओढतात आणि स्टाफरूमच्या दाराशी हात मागे बांधून उभे राहतात. आता ते निफाडहून एसटीने येणारे, आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणारे पोरगे असतात. समोर कुणीतरी नवा संशोधक मुलाखतीच्या सरावासाठी प्रश्नावली धरून घामाघूम झालेला असतो.

नव्वदच्या दशकात ज्याला दुसरा विषय मिळत नसे, त्याला पीएच.डी.चे गाईड 'व्यावसायिक शिक्षण' हा विषय देत. विषय देत आणि मग भेटत नसत. अशी बावरलेली मंडळी तिडके सरांकडे येत. सरांची स्वतःची पीएच.डी. नव्हती, त्यामुळे कुणाच्या प्रबंधावर त्यांचं नाव लागणार नव्हतं. तरी ते प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत. "या डॉक्टर. कुठून ढापली प्रश्नावली?"

ढापलेलीच असायची. एकाची झेरॉक्स दुसरा काढी, दुसऱ्याची तिसरा. देवळाली कॅम्पहून आलेल्या एका गृहस्थाने तर गंभीरपणे वाचलं, "आपल्या भागातील काथ्या उद्योगात तुम्हाला कितपत संधी वाटते?" मूळ प्रबंध केरळकडचा असावा.

"सर," निफाडचा पोरगा नम्रपणे म्हणाला, "नारळ आमच्यात फोडायलाच आणत्यात. द्राक्षाचा काथ्या निघत नाय. निघाला तर कळवतो."

"म्हणजे पूर्ण सहमत, सहमत की अनिश्चित?"

"आमचे मास्तर सांगतील तिथं टिक करतो. लवकर सांगा, यष्टी जाईल."

स्टाफरूममध्ये बसलेल्या आम्हा सहकाऱ्यांच्या हातातला चहा हसून सांडला. गृहस्थाने मात्र घरी जाऊन प्रश्नावली फाडली आणि खऱ्याखुऱ्या वर्कशॉपमध्ये पोरांच्यात जाऊन बसू लागला. पुढे तो डॉक्टर झाला, प्राचार्य झाला आणि एका चर्चासत्रात सरांना ओळखायला विसरला. असे बरेच विसरले. सर म्हणत, "नक्कल चांगली वठली म्हणायची. मी दिसलोच नाही त्यांना."

आता अमोलचं सांगायला हवं. अमोल हा सरांचा एकुलता मुलगा. दहावीला मार्क चांगले होते. आम्ही सगळे व्यासपीठावरून श्रमप्रतिष्ठेचे गोडवे गाणारे, आणि आमची झाडून सगळी मुलं इंजिनिअरिंगला, काहींची डोनेशन भरून. सरांना हे लागलं. बोलतो ते करून दाखवू, म्हणून त्यांनी अमोलला आयटीआयमध्ये टर्नरच्या कोर्सला घातलं. अमोलला सायन्सला जायचं होतं. आम्ही सरांचा सत्कार केला, शाल पांघरली, कडकडून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना काही पैसे पडत नाहीत.

अमोल अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. कायम करावं लागू नये म्हणून मालक मधूनमधून घरी बसवतो. तिकडेच खोली घेऊन राहतो. सुट्टीला आईच्या हातचं जेवायला येतो, पण बाप घरात नाही याची खात्री करून. बापाशी बोलत नाही, आणि सरांना त्याने बोलावं याखेरीज दुसरं काही नको आहे.

दोन हजार साल उलटल्यावर मनीषा आली. घरची फुलशेती, आई बाजारात गुलाब विकायची. सरांनी तिची प्रश्नावली चाळून परत केली.

"डॉक्टर, यात नाही असा एक प्रश्न घेऊन या. कुणालाही विचारा, गाईड सोडून."

पुढच्या शनिवारी निफाडचा पोरगा पुन्हा दाराशी उभा राहिला. "विचारा म्याडम. लय टाइम नाय."

"आईने एक सांगितलाय," मनीषा चाचरत म्हणाली. "ती म्हणे, हे कोर्स एवढे चांगले हायेत, तर ते सांगणारे साहेब लोक आपल्या पोराला घालतात का?"

स्टाफरूममध्ये कुणीतरी खोकलं. मी कपातल्या सायीचं निरीक्षण करू लागलो. सरांनी सावकाश शर्ट आत खोचला.

"हा पहिला घ्या," ते स्वतःच्या आवाजात म्हणाले. "उत्तर, एकाने घातला. आणि त्याखाली लिहा, घालताना पोराला विचारलं होतं का."

मनीषाला अमोलविषयी काही माहीत नव्हतं. तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि घाईघाईने कागद पिशवीत भरले. "सर, माझं काही चुकलं का? आज राहू द्या. तुम्ही दमलात, घरी जा."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आम्ही सगळे तिथे आहोत हे विसरून बोलून गेले, "आत्ता कसा जाऊ? शनिवारी अंबडच्या कारखान्यांना सुट्टी असते. तो अजून जेवत असेल."