सायकलवरून आलेली हरकत

सुनावणी अकराला होती आणि पावणेअकराला धर्माशेठची स्कूटर चालू होईना. किक मारून मारून पाय भरून आला, तरी ती बया नुसतीच खोकत राहिली.

एरवी धर्माशेठनी रिक्षा गाठली असती, पण रिक्षावालेही त्या दिवशी सुनावणीलाच गेले होते. बाजारपेठेच्या रस्त्यावर सायकल ट्रॅक आखायचा नगरपरिषदेचा बेत होता आणि सगळ्या गावाचं डोकं त्यानं फिरलं होतं. धर्माशेठचं बर्फाचं दुकान त्याच रस्त्यावर. सकाळी कारखान्याचा टेम्पो यायचा, दुकानाच्या पायरीला चिकटून उभा राहायचा आणि बर्फाच्या लाद्या फळीवरून घसरत थेट आत जायच्या. तिथून कोळणी, लॉजवाले, रेवदंड्याच्या बोटी. आता तिथं ट्रॅक आला, तर टेम्पो थांबणार लांब एसटी स्टँडवर, आणि लादी दुकानात येईस्तोवर निम्मी गटारात वाहून जाणार. धर्माशेठना चार रात्री झोप नव्हती. हरकतीचा कागद मात्र तयार होता. लेक जागृतीनं जांभळ्या जेल पेनानं सुरेख अक्षरात लिहून दिलेला, शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेला.

"अवो, पोरीची सायकल न्या," सोनूबाई दारातून म्हणाल्या. "रस्ता तरी कितीसा हाय?"

पंचवीस वर्षांनी धर्माशेठ सायकलवर बसले. सायकल गुलाबी, पुढं टोपली. पँटची एक बाजू साखळीत जायला लागली म्हणून त्यांनी ती मोज्यात खोचली. बाजारात एका हातगाडीनं त्यांना डावीकडे ढकललं, एका बाईच्या पिशवीनं उजवीकडे. स्वतःच्या दुकानापाशी तर कहर झाला. बर्फाचा टेम्पो त्या दिवशी उशिरा आलेला, निम्मा रस्ता अडवून उभा. त्याला चुकवताना धर्माशेठ गटारात जाता जाता राहिले आणि टेम्पोच्या ड्रायव्हरनं वर त्यांनाच विचारलं, दिसत नाय काय. मालकाला त्यानं सायकलवर कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार?

सभागृहात ते घामानं निथळतच पोचले. डावीकडे हरकत घेणारे, उजवीकडे ट्रॅक हवा म्हणणारे अशी सोय केलेली होती. डावी बाजू खच्चून भरलेली. सगळ्यात पुढं समोरचे कापडवाले करमअली, धर्माशेठचे चाळीस वर्षांचे शेजारी आणि विरोधकांचे म्होरके. उजवीकडे किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांचा सायकल क्लब, सातआठ माणसं, डोक्यावर हेल्मेटं. ही मंडळी दोन मोठ्या गाड्यांतून आली होती. ट्रॅक नाही म्हणून सायकलनं येता आलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दारावरच्या शिपायानं धर्माशेठच्या मोज्यात खोचलेल्या पँटकडे एक नजर टाकली आणि त्यांना थेट उजवीकडे पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. कुणीतरी पाण्याची बाटली हातात दिली. धर्माशेठ इतके दमले होते की बसल्यावरच त्यांना कळलं, आपण चुकीच्या बाजूला आहोत. उठावं तर पाय उठेनात.

सुनावणी घेत होत्या नगरपरिषदेच्या अभियंता नेत्रा मॅडम. त्यांनी पहिलं नाव पुकारलं ते धर्माशेठचंच. धर्माशेठनी खिशातून कागद काढून दिला. मॅडमनी तो उजेडात धरला. घामानं जांभळी शाई पार पसरली होती. नाव आणि 'सायकल ट्रॅक' एवढंच काय ते वाचता येत होतं.

"तुम्ही तोंडीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "सायकलनं आलात ना?"

"व्हय. पण त्याचं असं हाय मॅडम, या रस्त्यावर सायकल चालवायची सोयच न्हाय. तसूभर जागा न्हाय. मी आता गटारात जात होतो."

जागाच नाही तर ट्रॅक कसला काढता, हे पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर होतं, पण तोवर हेल्मेटवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. करमअली खुर्चीतून अर्धे उठले.

"धर्मा, तू कुणाच्या बाजूनं बोलतोस?"

"तुझ्याच," धर्माशेठ म्हणाले आणि गोंधळ आणखी वाढला. कशामुळे गटारात जात होता, असं मॅडमनी विचारलं. खोटं बोलायची सवय नसल्यानं धर्माशेठनी बर्फाचा टेम्पो सांगितला. मॅडमनी तेही लिहून घेतलं, बाजारपेठेतली बर्फाच्या टेम्पोची अडवणूक, तक्रारदार धर्माशेठ. संध्याकाळपर्यंत ट्रॅक मंजूर झाला आणि धर्माशेठ सायकल समितीवर नागरिक प्रतिनिधी झाले. घरी आल्यावर हे सोनूबाईंना कसं समजावून सांगावं, ते त्यांना कळेना, कारण त्यांना स्वतःलाच ते कळलं नव्हतं.

आठवड्यानं मॅडम जागेची पाहणी करायला आल्या. रस्ता अरुंद, तेव्हा ट्रॅक एकाच बाजूला होणार होता. कुठल्या बाजूला, ते सायकलवाल्यांच्या प्रतिनिधीनं सांगायचं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच धर्माशेठचं डोकं स्वच्छ झालं. समोरच्या बाजूला दुपारी सावली असते, ते म्हणाले, तिकडंच बरा. समोरच्या बाजूला करमअली आपल्या दुकानाच्या दारात उभे राहून हे ऐकत होते. धर्माशेठना मनातून फार लाज वाटली. पण टेम्पो वाचला होता.

महिन्याभरात हिरवा पट्टा आखून झाला. त्या बाजूला गाडी लावायला बंदी आली, आणि त्या बाजूच्या झाडून सगळ्या गाड्या, रिक्षा, लॉजवाल्यांच्या जीपा उजाडायच्या आत धर्माशेठच्या दारात येऊन लागायला लागल्या. टेम्पोनं दोन दिवस जागा शोधली आणि तिसऱ्या दिवसापासून तो मुकाट्यानं एसटी स्टँडवर थांबू लागला. हातगाडी गर्दीत अडकायची. सगळ्या बाजारात मोकळा असा एकच पट्टा होता, समोरचा हिरवा. धर्माशेठनी मागं मजबूत कॅरियर असलेली एक जुनी सायकल घेतली, लादीचे तुकडे गोणपाटात गुंडाळले आणि सकाळ-दुपार खेपा घालायला सुरुवात केली. हमालांना सायकल येत नव्हती. त्यांना आली असती तरी, समितीवर तुम्ही हाय शेठ, असं ते म्हणाले असते.

करमअलींचं दुकान मात्र रस्त्यावरून प्रथमच नीट दिसू लागलं. गिऱ्हाईक वाढलं तसा त्यांचा राग गेला. येता-जाता ते धर्माशेठना पाणी विचारायचे. त्यांच्याच ओट्यावर नगरपरिषदेचा एक माणूस आठवडाभर वही घेऊन बसला होता. सायकल गेली की तो एक रेघ ओढायचा. धर्माशेठ दर खेपेला त्याला हात करायचे.

पुढच्या महिन्यात धर्माशेठना पत्र आलं. चष्मा घरी राहिला होता म्हणून त्यांनी ते करमअलींना वाचायला दिलं. सायकल ट्रॅकला नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद असून दररोज सरासरी बेचाळीस सायकलींची नोंद झाली आहे, असं त्यात होतं. या यशामुळे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूलाही ट्रॅक मंजूर करण्यात आला आहे. प्रतिनिधी या नात्यानं आपली संमती गृहीत धरली आहे.

धर्माशेठ एक पाय जमिनीला टेकवून उभे होते. मागच्या कॅरियरवरून पाणी ठिबकत होतं. बेचाळीस कोण, त्यांनी विचारलं, मी तर या ट्रॅकवर आजवर कुणाला बघितला न्हाय.

करमअलींनी पत्राची घडी घातली आणि ते धर्माशेठच्या खिशात ठेवलं.

"धर्मा," ते हळूच म्हणाले, "अल्लाचं नाव घे आणि आधी उतर त्या सायकलवरनं."